रिकाम्या सीटची चाचणी

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भावाची आहे आणि मी स्वतः त्यात आहे. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

आणि यात रात्र शोधू नका. भर दुपार होती. मंगळवार होता. माझ्या दुकानाचं शटर पूर्ण वर होतं, समोरच्या रस्त्यावरून माणसं येत-जात होती आणि शेजारच्या न्हाव्याकडे रेडिओ चालू होता.

मी गाड्यांची वायरिंग करते. मागचा कॅमेरा, पार्किंगचे सेन्सर, सेंट्रल लॉक, असलं सगळं. बाई काय गाडी उघडणार म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ येतात आणि मुकाट्यानं किल्ली माझ्याच हातात देऊन जातात.

हल्ली लोक एक नवीन वस्तू बसवून घ्यायला येतात. आमच्या धंद्यात तिला डबी म्हणतात. आरशाच्या मागे काचेला चिकटवायची. तिला दोन डोळे. एक बाहेर, रस्त्याकडे. दुसरा आत, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे. मोठ्या रस्त्यावर ती गाडी पट्ट्यांच्या मधोमध ठेवते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते. आतला डोळा तुमच्यावर पहारा ठेवतो. तुम्हाला डुलकी लागली, तुम्ही फोनमध्ये डोकं घातलंत, की डबी ओरडते. टीं टीं टीं.

तरीही तुम्ही हलला नाहीत, तर ती गाडी हळू करते, चारही इंडिकेटर लावते आणि कडेला नेऊन उभी करते.

हे शेवटचं तेवढं लक्षात ठेवा.

डबी सगळ्याच गाड्यांना बसत नाही. स्टिअरिंगला विजेची मोटर लागते, आरशामागे कंपनीचीच एक ठरावीक वायर लागते. ते असलं, की डबी आपणहून गाडी ओळखते आणि पडद्यावर हिरवी ओळ येते. बहुतेक दुकानदार तेवढं बघून मोकळे होतात. मी होत नाही. मी एक चाचणी जास्तीची करते.

त्याचं कारण एक गिऱ्हाईक. त्या साहेबांच्या सीटकव्हरवर वाघाचं भलंमोठं तोंड छापलेलं होतं आणि डबीला तो वाघच ड्रायव्हर वाटायचा. साहेब स्टिअरिंगवर पेंगायचे आणि डबी वाघावर खूश. तेव्हापासून मी काय करते, गाडी चालू करते, खाली उतरते आणि दार लावून घेते. सीट रिकामी.

अशा वेळी डबीनं ओरडलंच पाहिजे. ड्रायव्हर कुठे गेला म्हणून बोंबललं पाहिजे.

बोंबलली, तर पास.

आता दादाचं सांगते. माझा दादा औषधांच्या कंपनीत फिरतीच्या नोकरीवर होता. अर्ध्याहून जास्त आयुष्य गाडीत. अंगानं हा एवढा उंच, की कुठल्याही गाडीत बसला तरी आधी सीट शेवटपर्यंत मागे ढकलायचा, आणि तरी त्याचे केस छताला घासायचे. मला मिरची म्हणायचा. लहानपणी मी त्याला चावले होते, ते चारचौघांत सांगायची एकही संधी सोडायचा नाही.

त्याला गाडीत झोप यायची. एकदा डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर चढली. कपाळावर टाके पडले, त्यावर निभावलं.

त्या दिवशी वहिनी बारकीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. बारकी म्हणजे माझी भाची. वहिनीला गाडी चालवता येत नाही, शिकायचीही तिला धास्ती वाटते. तिनं दादाला सांगितलं, की डबी बसेल अशी गाडी घ्या, नाहीतर ही नोकरी सोडा. वहिनी एरवी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही, म्हणून तर दादा टरकला.

मग त्यानं जुनी गाडी विकली आणि ही घेतली. हीसुद्धा वापरलेलीच, पण काचेसारखी स्वच्छ. विकणाऱ्यानं म्हणे सांगितलं होतं, की आधीच्या मालकानं कधी दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. दादा ते मोठ्या कौतुकानं मला सांगत होता.

गाडी माझ्या दारात लावून तो म्हणाला, "मिरचे, हिला डबी बसते का तेवढं बघ." आणि शेजारी दाढी करायला गेला.

मी आत वाकले. दादाची सीट मागेच होती, त्यामुळे स्टिअरिंगखाली शिरायला भरपूर जागा होती. एक वायर आणायला टेबलापाशी गेले. पाठीमागे आवाज आला...

कट्ट.

परत आले तर सीट पुढे.

म्हटलं, खटका नीट बसला नसेल. जुनी गाडी आहे, उतारावर उभी आहे. मी सीट परत मागे ढकलली, हलवून बघितली. घट्ट होती. मग आरशामागची टोपी काढली, वायर सापडली, डबी जोडली. पडद्यावर हिरवी ओळ आली. गाडी ओळखली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वहिनीला लगेच फोन करायचं माझ्या मनात आलं होतं.

पण चाचणी राहिली होती.

गाडी चालू ठेवून मी उतरले. दार लावलं. हाताची घडी घालून उभी राहिले.

...

काहीच नाही.

इंजिनाची घरघर. न्हाव्याचा रेडिओ. बाकी काही नाही.

मी वाकून काचेतून बघितलं. डबीचा दिवा लागलेला. हिरवा. समाधानी.

मी काही बावळट नाही. आधी डबीवर संशय घेतला. आतल्या डोळ्यावर काळी पट्टी चिकटवली, तर ताबडतोब टीं टीं टीं. पट्टी काढली, गप्प. दुसरी डबी आणून लावली. तीही गप्प. तीच डबी माझ्या स्वतःच्या गाडीत लावून बघितली, तर रिकाम्या सीटकडे बघून कानठळ्या बसतील एवढी ओरडली. मग दादाच्या गाडीचं सीटकव्हर काढलं. डोकं टेकायची उशीसुद्धा उपटून बाजूला ठेवली.

गप्प.

मग मी लॅपटॉप आणला. डबीचा आतला डोळा काय बघतोय ते त्यावर दिसतं. चेहरा सापडला, की त्याच्याभोवती ती हिरवी चौकट काढते.

सीट रिकामी होती. मागची काच दिसत होती, त्यातून माझं दुकान दिसत होतं.

आणि जिथे काहीच नव्हतं, तिथे चौकट होती.

खाली लिहून येत होतं, डोळे उघडे, लक्ष रस्त्यावर. चौकट बरीच खाली होती. सीटच्या पाठीच्या वरच्या कडेच्याही खाली. आणि डावीकडे जराशी कललेली, जणू कुणीतरी मान वाकडी करून बसलंय.

मला राग आला. घाबरले की मला आधी रागच येतो, तो माझा स्वभाव. मी दार उघडलं आणि सरळ त्या सीटवर जाऊन बसले. लॅपटॉप मांडीवर घेतला. म्हटलं, आता माझं तोंड बघ म्हणावं.

चौकट हलली नाही.

माझा चेहरा वर स्पष्ट दिसत होता. डबीला तो दिसतच नव्हता. चौकट माझ्या छातीवर होती. माझ्या हनुवटीच्या खाली, माझ्या दुकानाच्या एप्रनवर, एक चेहरा होता. त्याचे डोळे उघडे होते आणि तो समोर बघत होता.

मी शेवटचं म्हणून डोळे मिटले. ड्रायव्हरनं डोळे मिटले की डबीनं ओरडायला हवं. मी मिटूनच बसले. ती ओरडली नाही...

मी डोळे उघडले, तेव्हा दादा काचेवर टकटक करत होता. त्याची दाढी झाली होती, केसही कापून झाले होते. माझी पाठ घामानं भिजली होती, गुडघे स्टिअरिंगला टेकले होते. सीट पुढे आली होती.

मी त्याला सगळं सांगितलं. लपवलं काहीही नाही. हिरवी ओळ दाखवली, गप्प डबी दाखवली, चौकट दाखवली. तो असा काही हसला, की न्हावी कात्री घेऊन बाहेर आला. दादानं त्याला मीठमसाला लावून पुन्हा सगळं ऐकवलं. दोघं हसले. मी किल्ली त्याच्या हातावर आपटली आणि सांगितलं, की मी माझ्या हातानं ही डबी बसवणार नाही.

तो वहिनीला फोनवर सांगत होता ते मी ऐकलं. "गाडीला बसतेय गं. आमच्या मिरचीला बसत नाहीये."

कोपऱ्यावर एक सीटकव्हरवाला आहे. हल्ली तोही डब्या लावतो. त्यानं हिरवी ओळ बघितली आणि ऊन उतरायच्या आत काम उरकून दिलं.

त्यानंतर कित्येक महिने काही झालं नाही. खरं सांगायचं तर फार चांगलं चाललं होतं. दादा फिरतीवरून ताजातवाना घरी यायचा, बारकीला खांद्यावर घेऊन गल्लीभर हिंडायचा. वहिनीच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. घरी गेले की दोघं माझी टर उडवायची. ड्रायव्हरसाहेबांना डबा द्यायचा का, वहिनी विचारायची. मीही हसायचे. काय करणार?

पण एक गोष्ट मला खात होती. दादाला मी दर वेळी विचारायचे, डबी आज ओरडली का?

नाही म्हणायचा. कधीच नाही.

दुसऱ्या गिऱ्हाइकांची डबी दिवसातून दहादा ओरडते. त्या ओरडण्याला कंटाळून लोक माझ्याशी भांडायला येतात. आणि ज्याला स्टिअरिंगवर झोप येते, त्या माणसाची डबी एकदाही ओरडत नव्हती.

एक दिवस तो दुकानात आला आणि सहज म्हणाला, की परवा मोठ्या रस्त्यावर डोळा लागला तो थेट घराच्या दारातच उघडला.

मी हातातली पक्कड खाली ठेवली. "दादा, डबीला गल्लीबोळ कळत नाहीत. ती फक्त मोठ्या रस्त्यावर चालते. गल्लीत कोण वळलं?"

हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. मग म्हणाला, रोजचा रस्ता आहे, झोपेत मीच वळलो असेन. आणि जाताना मला म्हणाला, वहिनीला सांगू नकोस.

मी सांगितलं. त्याच दिवशी जाऊन सांगितलं. डबी उपटून टाकायला पाना, पक्कड सगळं घेऊनच गेले होते. वहिनीनं मला गाडीला हात लावू दिला नाही. ती म्हणाली, की पूर्वी ते घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता उतरतो. तुला नक्की कशाचा त्रास होतोय?

मी सीटकव्हरवाल्याकडेही गेले. त्याला म्हटलं, रिकाम्या सीटची चाचणी तरी करून बघ. तो म्हणाला, ताई, रिकामी गाडी चालवतंय कोण?

मग तो गुरुवार आला.

शाळा सुटायची वेळ होती. वहिनीचा फोन आला. अगदी हळू आवाजात बोलत होती. "जरा येतेस का? हे गाडीतून उतरत नाहीयेत."

मी धावत गेले. गाडी घरासमोर भिंतीला लागून उभी होती. इतकी नीट लावलेली, की दादानं जन्मात तशी लावली नसेल. इंजिन चालू होतं. डावा इंडिकेटर चालू होता.

टिक... टिक... टिक...

दादा स्टिअरिंगमागे बसला होता. पट्टा लावलेला. हात मांडीवर. डोळे मिटलेले.

सीट पूर्ण पुढे आलेली होती. त्याचे गुडघे स्टिअरिंगखाली दाबून बसले होते, मान छतानं वाकडी झाली होती. शेजारच्या माणसांना त्याला बाहेर काढता येईना. खटका ओढला, सीट मागे सरकेना. शेवटी त्याला ओढूनच काढावं लागलं. बारकी दप्तर पाठीला लावून ते सगळं बघत होती. तिला आत न्यायचं कुणालाही सुचलं नाही.

डॉक्टर म्हणाले हृदय. कित्येक तास होऊन गेलेत, म्हणाले. पण लगेच गेले नसणार. अशा वेळी माणूस बराच वेळ तग धरतो. वाटेत कुणी बघितलं असतं तर वाचले असते.

वाटेत.

डबीनं काय करायला हवं होतं, ते मी वर सांगितलंय. ओरडायला हवं होतं. गाडी हळू करून, दिवे लावून कडेला उभी करायला हवी होती. त्या रस्त्यावर सकाळी तोबा गर्दी असते. चारी दिवे लावून कडेला उभी असलेली गाडी आणि आत मान टाकलेला माणूस, कुणी ना कुणी थांबलंच असतं. त्याच रस्त्याला लागून मोठं हॉस्पिटल आहे. दादा रोज तिथे औषधं दाखवायला जायचा. तिथला वॉचमनसुद्धा त्याला नावानं ओळखत होता.

गाडी त्या हॉस्पिटलवरून गेली. गेलीच असणार, घरी यायला दुसरा रस्ताच नाही. शांतपणे, पट्ट्यांच्या मधोमध, पुढच्या गाडीपासून अंतर राखून गेली.

कारण ड्रायव्हरचे डोळे उघडे होते. ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर होतं.

दादाला काढलं तेव्हा दार उघडंच राहिलं होतं. इंजिन कुणीच बंद केलं नव्हतं. सगळे रडत होते. मी एकटी त्या रिकाम्या सीटकडे तोंड करून उभी राहिले आणि कान देऊन ऐकत होते. ओरड म्हणत होते. मनातल्या मनात तिच्या हातापाया पडत होते, की आता तरी ओरड.

...

नाही ओरडली.

मी वहिनीला सांगितलं, गाडी भंगारात घाल. ती हो म्हणाली, नाही म्हणाली, मग त्यावर बोलायचीच बंद झाली. मी तिला फार छेडलं नाही. तिचं तोंड बघवत नव्हतं.

एका दुपारी गेले, तर घराला कुलूप. खाली गाडीचं इंजिन चालू. वहिनी शेजारच्या सीटवर बसली होती, बारकी मागे. वहिनी बोलत होती. बिल, शाळा, गळका नळ, असलं रोजचंच. रिकाम्या सीटकडे तोंड करून बोलत होती.

मला बघून तिनं काच खाली केली. तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख होतं, की माझ्या अंगावर काटा आला.

"ऐक," ती म्हणाली. "ओरडतेय का?"

मी म्हटलं, नाही.

"सीट रिकामी असली की ओरडते. तूच सांगितलं होतंस ना? तुझीच चाचणी आहे." तिनं रिकाम्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. "रिकामी नाहीये गं. हे आहेत."

माझ्या हुशारीचं हे असं झालं होतं. माझीच चाचणी तिनं उराशी धरली होती आणि ती चाचणी खोटी नव्हती. सीट रिकामी नव्हतीच.

मी लॅपटॉप घेऊन आले. दया दाखवायची वेळ नव्हती. तिला चित्र दाखवलं. चौकट तिथेच होती, खाली, सीटच्या पाठीच्या कडेखाली, डावीकडे कललेली. मी तिला म्हटलं, दादाचं डोकं छताला लागायचं. हे बघ कुठे आहे. हे त्या मंगळवारी जिथे होतं तिथेच आहे, केसभरही हललेलं नाही. वहिनी, हा दादा नाही. दादा इथे कुठेही नाही. ज्यानं त्याला हॉस्पिटलवरून पुढे आणलं, तो हा.

तिनं बोट पुढे करून पडद्यावर, चौकटीच्या गालापाशी टेकवलं.

मग म्हणाली, "वाकून बसले असतील. दमलेत ते."

आणि लॅपटॉपची वायर काढून गुंडाळून माझ्या हातात दिली. "तेव्हाही तू नाहीच म्हणाली होतीस. माझं एवढंही तुला बघवत नाही का?"

बारकी मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली. चालता चालता म्हणाली, आत्या, मी हाक मारली तरी बाबा मागे बघत नाहीत. समोरच बघत बसतात.

मी दुसऱ्या दिवशी बॅटरीची वायर काढून टाकली. वहिनीनं सीटकव्हरवाल्याला बोलावून जोडून घेतली. मी पुन्हा काढली. तिनं पुन्हा जोडून घेतली. यावर आमच्यात एक अक्षरही बोलणं झालं नाही.

गेल्या रविवारी, भर दुपारी, वहिनीच्या नंबरवरून फोन आला. बोलत होती बारकी.

"आत्या, आम्ही फिरायला निघालोय."

मी विचारलं, कशानं? गाडीनं, म्हणाली. आई कुठे आहे? इथे, माझ्याजवळ, मागे. झोपलीय.

मागून वाऱ्याचा आवाज येत होता. गाड्यांचे भोंगे जवळ येऊन मागे पडत होते. गाडी चालू होती. वेगात होती.

"बारके, पुढे कोण आहे?"

"बाबा."

मी तिला म्हटलं, आईला हलव. जोरात हलव, चिमटा काढ. ती म्हणाली, नको ना आत्या, आई किती दिवसांनी झोपलीय. आणि मग जांभई देत म्हणाली, मलापण येतेय.

मी फोनमध्ये तिचं नाव घेऊन ओरडत राहिले. पलीकडून उत्तर नाही. फोन चालू होता. मला त्यांचा दोघींचा श्वास ऐकू येत होता, संथ, गाढ झोपेतला. डबीचा आवाज नाही. मग इंडिकेटर लागला. टिक, टिक. गाडी कुठेतरी वळली. आणि अगदी फोनच्या जवळ...

कट्ट.

मी गाडी काढून रस्ता न रस्ता पालथा घातला. त्या सापडल्या नाहीत. त्यांच्या घरी पोहोचले, तर गाडी भिंतीला लागून उभी. नीट, सरळ. वहिनी बारकीला उतरवून घेत होती. दादा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

म्हणाली, "किती नीट आणलं बघ त्यांनी."

दादालाही कित्येक महिने नीटच आणलं होतं.

मी तिच्यादेखत गाडीत घुसले आणि डबी वायरसकट उपटून काढली. मला वाटलं ती माझा हात धरेल. तिनं धरला नाही. ने खुशाल, म्हणाली. आता ती लागत नाही.

डबी आत्ता माझ्या टेबलावर आहे. काल ती माझ्या गाडीत लावून बघितली. रिकाम्या सीटकडे बघून केवढ्यानं ओरडली. पास झाली. म्हणजे जे काही आहे ते डबीत नव्हतंच कधी.

येत्या रविवारी त्या पुन्हा निघणार आहेत. लांब जाणार आहेत, मोठ्या रस्त्यानं. पोलिसांना काय सांगू, ते मला कळत नाही. वहिनीच्या पाया पडले, ऐकत नाही. बारकीला माझ्याकडे ठेव म्हटलं, तर म्हणते बाप लेकीला नेतोय, तू कोण अडवणारी.

शेवटी म्हणाली, एवढी काळजी आहे तर तूही चल. मागे जागा आहे.

मी जाणार आहे. बारकीला त्या गाडीत एकटी सोडवत नाही. मधे बसेन, तिला घट्ट धरेन आणि डोळे उघडे ठेवेन. झोपायचं नाही, एवढंच मला करायचंय. तसं झालं तर वेळीच काहीतरी करता येईल.

पण कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या मंगळवारी मी त्या सीटवर बसून चाचणीसाठी डोळे मिटले होते. मला वाटलं, क्षणभर मिटले असतील.

दादाची तेवढ्यात दाढी झाली होती. केसही कापून झाले होते.